निशाणीखालचा आदेश

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात रोज शेकडो पक्षकार येतात, पण त्यातल्या फार थोड्यांच्या प्रकरणाचा त्या दिवशी निकाल लागणार असतो. कुणाच्या दाव्यात समन्स बजावून आले की नाही ते पाहायचे असते, कुणाची कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, यायची असते, कुणाच्या साक्षीदाराची उलटतपासणी मागच्या तारखेला अर्धवट राहिलेली असते. दावा दाखल होणे आणि निकाल लागणे यांच्यामध्ये जी वर्षे जातात, ती सगळी या मधल्या पायऱ्यांवर जातात. तिथून पुढे सरकायचे तर बहुतेक वेळा एकच साधन असते : न्यायाधीशांपुढे केलेला लेखी अर्ज.

बाहेर बाकावर बसलेल्या माणसाची समजूत वेगळी असते. दावा लावला, वकीलपत्र दिले, आता पुढचे कोर्ट बघून घेईल, असे त्याला वाटते. आपली दिवाणी न्यायपद्धती तशी चालत नाही. एका पक्षाचा पुरावा कच्चा आहे म्हणून न्यायाधीश स्वतः उठून तो गोळा करायला जात नाहीत. सरकारी कचेरीतला कागद मागवायचा असेल, साक्षीदाराला समन्स काढायचे असेल, जागेची मोजणी हवी असेल, मुदत वाढवून हवी असेल, हुकलेली तारीख सांधायची असेल, तर ते मागावे लागते. वेळेत आणि नेमके मागावे लागते. असे मागण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक पक्षकाराला दिला आहे. तो वेळेवर न वापरल्यामुळे खरी बाजू असलेली माणसेही हरतात, याचे मला फार वाईट वाटते.

आधी हा कागद जवळून पाहू. वर मध्यभागी न्यायालयाचे नाव, त्याखाली दाव्याचा क्रमांक, मग वादी विरुद्ध प्रतिवादी. त्यानंतर अर्ज कशासाठी आहे ते एका ओळीत. पुढे क्रमांक घातलेले परिच्छेद, प्रत्येकात एक मुद्दा. शेवटी विनंती, ठिकाण, तारीख, अर्जदाराची आणि वकिलाची सही, कोर्ट फीचे तिकीट. जरूर तिथे मजकूर खरा असल्याचे प्रतिज्ञापत्र. अर्जाची एक प्रत समोरच्या वकिलाला द्यायची आणि मूळ अर्जावर प्रत मिळाल्याची त्याची सही घ्यायची. ही सही क्षुल्लक वाटते, पण ती नसेल तर पुढच्या तारखेला ‘आम्हाला प्रतच मिळालेली नाही’ हे वाक्य ऐकावे लागते आणि आणखी एक तारीख जाते.

फायलीत आलेल्या कागदाला निशाणी क्रमांक पडतो. वादपत्र निशाणी १. तात्पुरत्या मनाईचा अर्ज महाराष्ट्रातल्या न्यायालयांत इतकी वर्षे निशाणी ५ वर येत आला आहे की वकील मंडळी मनाईच्या अर्जाला नुसते ‘एक्झिबिट फाइव्ह’ म्हणतात. अर्ज डायसवर गेला की न्यायाधीश बहुधा त्या कागदावरच लिहितात, ‘दुसऱ्या पक्षाने म्हणणे द्यावे’. या म्हणण्याला वकिलांच्या बोलण्यात ‘से’ म्हणतात. से आला की दोन्ही बाजूंचे ऐकून आदेश होतो : मंजूर, नामंजूर किंवा खर्चासह मंजूर. आदेश मोठा असेल तर वेगळ्या पानांवर, ‘निशाणी अमुक खालील आदेश’ अशा मथळ्याने. काही मागायचे नसून नुसते कळवायचे असेल, उदाहरणार्थ आम्हाला आणखी पुरावा द्यायचा नाही एवढेच सांगायचे असेल, तर पुरसीस देतात. अर्ज आणि पुरसीस यांतला हा फरक पक्षकारानेही ओळखावा. पुरसीसवर न्यायालय फक्त नोंद घेते. कित्येकदा मागणी पुरसिसीत लिहिली जाते आणि तिच्यावर आदेश का झाला नाही म्हणून माणूस महिनोन्‌महिने वाट पाहत राहतो.

त्या दिवशी न्यायालयात काय झाले ते रोजनाम्यात येते. पूर्वी रोजनामा पाहायला कारकुनाच्या टेबलापर्यंत जावे लागे. आता ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते आणि पुष्कळदा आदेशही दिसतात. भाषेची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या कामकाजासाठी मराठी ही न्यायालयाची भाषा म्हणून राज्य सरकारने १९९८ साली अधिसूचित केली. पक्षकार आपला अर्ज मराठीत लिहू शकतो, आणि मला वाटते त्याने तो स्वतः वाचून, समजून घेऊनच सही करावी.

आता एक नेहमीचे उदाहरण घेऊ. विदर्भातल्या दिवाणी न्यायालयांत धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, वाद भरपूर. समजा, शेजाऱ्याने धुरा कोरून दहा-बारा गुंठे जमीन आपल्या वहितीत ओढली, असे वादीचे म्हणणे आहे. प्रतिवादी म्हणतो, धुरा जिथल्या तिथे आहे. दोघांकडे सातबारा आहे, दोघांचे साक्षीदार गावचेच आहेत आणि दोन्हीकडचे साक्षीदार शपथेवर आपापल्या बाजूचे सांगणार आहेत. अशा दाव्यात तोंडी पुराव्यावर निकाल देणे न्यायाधीशांना अवघड जाते. जमीन मोजल्याशिवाय अतिक्रमण किती आणि कुठे ते कळत नाही. तरीही असे दावे मोजणीविना वर्षानुवर्षे चालतात, आणि शेवटी ‘वादीने अतिक्रमण सिद्ध केले नाही’ या एका वाक्यावर फेटाळले जातात.

इथे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २६, नियम ९ कामाला येतो. वादातली बाब स्पष्ट होण्यासाठी जागेची पाहणी आवश्यक आहे असे न्यायालयाला वाटले तर ते कोर्ट कमिशनर नेमू शकते. मोजणीचे काम असेल तर भूमी अभिलेख खात्याच्या अधिकाऱ्याला नेमण्याची पद्धत आहे. मोजणीची फी आणि कमिशनरचा खर्च ज्याने मागितले त्याला आधी भरावा लागतो. कमिशनर दोन्ही बाजूंना नोटीस देतो, जागेवर जातो, मोजतो, नकाशा काढतो आणि अहवाल न्यायालयात देतो. तो अहवाल पुरावा म्हणून वाचता येतो. कुणाला तो मान्य नसेल तर न्यायालयाच्या परवानगीने कमिशनरला पिंजऱ्यात उभे करून प्रश्न विचारता येतात.

अर्जावर येणारा हमखास आक्षेप असा : कमिशनरच्या मार्फत वादी पुरावा गोळा करू पाहतो आहे. हा आक्षेप सगळ्याच ठिकाणी खोटा नसतो. ताबा कुणाचा आहे हे शोधून आणायला कमिशनर पाठवता येत नाही. ताबा साक्षी-पुराव्याने सिद्ध करायचा असतो. पण हद्द कुठे आहे, हा प्रश्न वेगळा. हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती सरूप या २००८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन लगतच्या जमिनींच्या सीमांकनाचा वाद असेल तर स्थानिक कमिशनर नेमून मोजणी करून घेणे योग्य होते. म्हणून अर्जात शब्द जपून वापरावे लागतात. ‘प्रतिवादीचा बेकायदा ताबा शोधण्यासाठी’ असे लिहिले तर अर्ज अडचणीत येतो. ‘गट क्रमांक अमुक आणि तमुक यांची समाईक हद्द मोजून नकाशासह अहवाल द्यावा’ असे लिहिले तर न्यायाधीशांना आदेश करायला आधार मिळतो. जमीन तीच, वादही तोच, पण मागणी नेमकी झाली की पुढचा रस्ता मोकळा होतो.

वेळेचेही तसेच. हा अर्ज वादप्रश्न निघाल्यावर, म्हणजे दाव्यात कोणते मुद्दे ठरवायचे ते न्यायालयाने नक्की केल्यावर, लवकर केला तर दोन्ही बाजूंची उलटतपासणी नकाशा समोर ठेवून होते. दोन्हीकडचे पुरावे बंद झाल्यावर, अंतिम युक्तिवादाच्या तारखेला केला, तर ‘इतके दिवस काय करत होता?’ हा पहिला प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर अर्जात असावे लागते.

उशीर झाला, तारीख चुकली, तर काय? याबाबतची समज देशाला ज्या न्यायाधीशांनी दिली, ते नागपूरचे होते. व्हिव्हियन बोस यांचा जन्म १८९१ चा. त्यांनी नागपुरात वकिली केली आणि इथल्या विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. जानेवारी १९३६ मध्ये नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय झाले, तेव्हा तिथले ते न्यायाधीश झाले. आज ज्या वालुकाश्मी इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ बसते, ती हेन्री मेड या वास्तुरचनाकाराने आखली आणि १९४० मध्ये वापरात आली. बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि मार्च १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले.

तिथे त्यांच्यापुढे राजस्थानातले एक प्रकरण आले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत संग्रामसिंह विधानसभेवर निवडून आले आणि भुरेलाल यांनी त्या निवडीला आव्हान दिले. न्यायाधिकरण कोट्याचे होते; मार्च १९५३ च्या सुनावण्या उदयपूरला ठेवल्या होत्या. ठरल्या दिवशी संग्रामसिंह आले नाहीत, त्यांचे वकीलही आले नाहीत. न्यायाधिकरणाने वाट पाहून कामकाज एकतर्फी सुरू केले आणि साक्षीदार तपासले. काही दिवसांनी, सुनावणी चालूच असताना, त्यांचे एक वकील हजर झाले. त्यांना सांगण्यात आले की प्रकरण एकतर्फी झाले आहे, आता तुम्हाला भाग घेता येणार नाही.

मार्च १९५५ मध्ये बोस यांनी या प्रकरणाचा निकाल लिहिला. प्रक्रियेचे नियम न्यायाची वाट सोपी करण्यासाठी केलेले असतात, ते शिक्षेचे कायदे नाहीत आणि लोकांना अडखळून पाडण्यासाठीही नाहीत, ही त्यातली भूमिका आज देशभरातल्या अर्जांत आणि आदेशांत उद्धृत होते. त्या निकालातला नेमका कायदेशीर मुद्दा मात्र कमी लोकांना ठाऊक असतो, आणि सामान्य पक्षकाराला उपयोगाचा तोच आहे.

एखाद्या तारखेला प्रतिवादी गैरहजर राहिला म्हणून त्या तारखेचे काम त्याच्याशिवाय चालवता येते. पण तेवढ्याने उरलेल्या सगळ्या दाव्यातून तो बाहेर फेकला जात नाही. पुढच्या तारखेला तो आला, तर त्या टप्प्यापासून पुढे त्याला भाग घेता येतो : पुढच्या साक्षीदारांची उलटतपासणी करता येते, युक्तिवाद करता येतो. यासाठी आधीच्या गैरहजेरीचे कारण सिद्ध करण्याची अट नाही. मागे जाऊन हुकलेला टप्पा पुन्हा उघडून हवा असेल, म्हणजे कैफियत द्यायची आहे किंवा तपासून झालेल्या साक्षीदाराला परत बोलवायचे आहे, तेव्हा मात्र आदेश ९, नियम ७ खाली अर्ज करून सबळ कारण दाखवावे लागते. मग न्यायालय खर्चाची किंवा दुसरी अट घालून ते मंजूर करू शकते. न्यायाधिकरण आपल्याला असा काही अधिकारच नाही असे धरून चालले, म्हणून त्याचा आदेश टिकला नाही.

‘माझ्यावर एकतर्फी ऑर्डर झाली, आता संपले’ असे म्हणून घरी बसणारी माणसे पाहिली की हा निकाल त्यांच्यापर्यंत पोचायला हवा होता असे वाटते. एकतर्फी चालवण्याचा आदेश आणि एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे निकालाचा अंतिम आदेश, या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. हुकूमनामा झाला असेल तरी आदेश ९, नियम १३ खाली तो रद्द करून मागता येतो. त्यासाठी तीस दिवसांची मुदत असते. समन्स रीतसर बजावलेलेच नसेल, तर ती मुदत हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. वादीच गैरहजर राहिल्यामुळे दावा काढून टाकला असेल, तर तो पुन्हा फायलीवर घेण्याच्या अर्जालाही तीस दिवसच. मुदत उलटली तर विलंब माफीचा वेगळा अर्ज सोबत जोडावा लागतो आणि उशिराचा हिशेब द्यावा लागतो. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, पत्ता बदलला असेल तर त्याचा पुरावा. ‘अपरिहार्य कारणास्तव’ एवढे दोन शब्द लिहून विलंब माफ होत नाही, आणि होऊ नये असेच मलाही वाटते. समोरच्या माणसानेही तितकीच वर्षे तारखा भरलेल्या असतात.

कैफियतीची मुदत हा दुसरा धोक्याचा टप्पा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवस. न्यायालय कारणे नोंदवून ती नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यानंतरही कैफियत आली नाही तर ‘नो डब्ल्यूएस’चा आदेश होतो, म्हणजे कैफियतीविना दावा पुढे चालतो. साध्या दिवाणी दाव्यांत ही मर्यादा न्यायालयाला अजिबात ओलांडता येणार नाही अशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या निर्णयात धरले. अपवादात्मक कारण दाखवून, बहुधा खर्च भरून, तो आदेश मागे घेऊन मागता येतो. व्यापारी दाव्यांत ही सवड नाही. नागपूरच्या इतवारीतल्या व्यापाऱ्याचा मालाच्या पैशांचा वाद तीन लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल आणि तो व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात बसत असेल, तर समन्स मिळाल्यापासून १२० दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच संपतो. तिथे कितीही कळकळीचा अर्ज केला तरी न्यायाधीशांचे हात बांधलेले असतात.

पक्षकाराचा मृत्यू ही आणखी एक जागा, जिथे घरच्यांच्या दुःखात कायद्याची मुदत विसरली जाते. वाटणीचे, शेताचे दावे लांबतात. दाव्यातला म्हातारा जातो. नव्वद दिवसांत त्याचे वारस फायलीवर आणले नाहीत तर त्याच्यापुरता दावा आपोआप गळून पडतो. पुढच्या साठ दिवसांत तो जिवंत करून मागता येतो, त्यानंतर पुन्हा विलंब माफी. आपल्या पक्षकाराचे निधन कळल्यावर न्यायालयाला तसे कळवणे हे वकिलाचेही कर्तव्य संहितेत लिहिलेले आहे. पण वकिलाला घरून कुणी सांगितले तरच ते त्याला कळणार. मृत्यूचा दाखला काढाल तेव्हा त्याची एक प्रत वकिलाकडे पाठवा.

मग संहितेचे कलम १५१ कशासाठी? कितीतरी अर्जांच्या मथळ्याला हे कलम असते. न्यायालयाला न्यायासाठी लागणारे आदेश करण्याचा अंगभूत अधिकार आहे, असे ते सांगते. संहितेत एखाद्या अडचणीची तरतूदच नसेल तेव्हा त्याचा मोठा उपयोग होतो. मात्र त्याला हद्द आहे. पदम सेन प्रकरणात एका न्यायालयाने दुसऱ्या पक्षाच्या हिशेबाच्या वह्या ताब्यात घ्यायला कमिशनर पाठवला होता. पक्षकाराच्या मालमत्तेवर, त्याच्या कागदांवर असा हात टाकण्याचा अधिकार अंगभूत अधिकारातून निघत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. वह्या पाहायच्या असतील तर कागदपत्रे हजर करून घेण्याची रीतसर वाट आहे, तीच धरावी लागते. याच्या उलट, अर्जावर कलमाचा आकडा चुकीचा पडला म्हणून अर्ज आपोआप मरत नाही. न्यायालयाला तो अधिकार दुसऱ्या एखाद्या तरतुदीने असेल तर ते अर्जाचा आशय पाहते. स्वतः बाजू मांडणाऱ्या माणसाला हे ठाऊक असावे, म्हणजे कलमाच्या आकड्यापेक्षा मजकुराकडे तो लक्ष देईल.

न्यायाधीशांकडे काय मागता येत नाही, तेही सांगायला हवे. आपला दावा कसा चालवावा, कोणता साक्षीदार तपासावा, तडजोड करावी की लढावे, याचा सल्ला न्यायाधीश देत नाहीत. त्यांना खाजगीत भेटून, पत्र पाठवून, ओळखीतून निरोप धाडून प्रकरणाबद्दल काही सांगणे तर पूर्ण गैर आहे. दुसऱ्या बाजूच्या पाठीमागे न्यायाधीशांच्या कानावर काही घालायचे नाही, म्हणूनच प्रत्येक अर्जाची प्रत समोर द्यावी लागते. भोळेपणाने असे पत्र लिहिणारा माणूस स्वतःच्याच खऱ्या बाजूवर संशय ओढवून घेतो.

न्यायाधीश सल्ला देत नाहीत या नियमाला एक जुना अपवाद कायद्यानेच केलेला आहे, तो विश्वस्तांचा. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाच्या कलम ३४ खाली खाजगी न्यासाचा विश्वस्त, न्यासाच्या मालमत्तेच्या व्यवस्थापनाबद्दल प्रश्न पडला तर, थेट न्यायालयाचे मत, सल्ला किंवा निर्देश मागू शकतो. देवस्थान, शिक्षणसंस्था अशा सार्वजनिक न्यासांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात कलम ५६-अ ची तशीच सोय आहे. शिवाय कलम ४१-अ खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्तांना निर्देश देऊ शकतात. इथे न्यायालय भांडण मिटवत नसते; प्रामाणिक विश्वस्ताला पुढे पाऊल टाकायला आधार देत असते. गुंतागुंतीचा, साक्षीपुरावा लागणारा प्रश्न असेल तर मात्र असा सल्ला द्यायला न्यायालय नकार देऊ शकते. गावातल्या देवस्थानाचे विश्वस्त जमिनीच्या उत्पन्नावरून आपसात कुढत बसतात आणि पुढे फौजदारीपर्यंत जातात. त्यांना हा मार्ग वेळेवर कुणी दाखवला असता तर पुष्कळ काही वाचले असते.

निशाणीखालचा आदेश विरुद्ध गेला तर? दर मधल्या आदेशावर अपील नसते. कोणत्या आदेशांवर अपील चालते त्याची यादी संहितेत आहे. मनाईचा आदेश त्यात आहे, कमिशनर नाकारल्याचा नाही. पूर्वी अशा वेळी पुनरीक्षण अर्ज होत. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती वाटही फार अरुंद केली. उरला संविधानाचा अनुच्छेद २२७, म्हणजे उच्च न्यायालयाचा देखरेखीचा अधिकार. त्यामुळे विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतल्या दिवाणी न्यायालयांचे असे आदेश नागपूर खंडपीठापुढे येतात. दूर सिरोंच्याच्या न्यायालयातला एका परिच्छेदाचा आदेश, त्यासाठी नागपूरपर्यंतचा प्रवास, वकिलाची फी, आणि मूळ दावा तिथल्या तिथे थांबलेला. उच्च न्यायालयही अशा याचिकांत हात राखून असते; खालच्या न्यायालयाने अधिकाराबाहेर जाऊन काही केले असेल किंवा उघड अन्याय झाला असेल तरच ते मध्ये पडते. म्हणून पहिला अर्ज काळजीने लिहिणे हेच सर्वांत स्वस्त पडते. खंडपीठातही प्रलंबित प्रकरणात काही हवे असेल तर दिवाणी अर्जच करावा लागतो. रिट याचिकेतल्या अर्जाला तिथे ‘सीएडब्ल्यू’ आणि पहिल्या अपिलातल्या अर्जाला ‘सीएएफ’ म्हणतात.

हीच दारे दुसरीकडून उघडली की दावा लांबवायला उपयोगी पडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. उलटतपासणीच्या ऐन दिवशी वादपत्र दुरुस्तीचा अर्ज, तो फेटाळला की नवा पक्षकार जोडण्याचा, मग साक्षीदाराला परत बोलावण्याचा. प्रत्येक अर्जाला से, सेसाठी तारीख. तारखांचे तर विचारूच नका. एका पक्षाला संपूर्ण दाव्याच्या सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, असे आदेश १७ सांगतो. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम योग्य ठरवला आणि माणसाच्या हाताबाहेरच्या प्रसंगांपुरती सवड ठेवली. उदाहरणे दिली ती भोपाळची वायुगळती, गुजरातचा भूकंप, त्सुनामी यांची. आपल्याकडे मात्र वकील दुसऱ्या कोर्टात अडकले हे कारणही चालून जाते. यात बदल व्हायचा तर तहकुबीच्या अर्जाला समोरच्या पक्षकाराने लेखी विरोध करायला हवा आणि खर्च मागायला हवा. ‘हरकत नाही’ असे आपल्या वतीने लिहून दिले गेले असेल, तर न्यायाधीश ते कशाच्या आधारे नाकारणार?

इंग्लंडमध्ये याच दुखण्यावर लॉर्ड वुल्फ यांच्या अहवालानंतर २६ एप्रिल १९९९ पासून नवे नियम आले. दाव्याचा वेग पक्षकारांच्या हातून काढून न्यायाधीशांकडे दिला गेला आणि सुरुवातीलाच पुढच्या टप्प्यांचे निर्देश ठरू लागले. आपल्याकडे २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने संहितेत आदेश १५-अ आणला, तो याच धर्तीचा. पहिल्या व्यवस्थापन सुनावणीत वादप्रश्न, साक्षीदारांची यादी, प्रतिज्ञापत्रांच्या तारखा, युक्तिवादाची तारीख असे सगळे ठरते, आणि त्या सुनावणीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपवायचे असतात. धुऱ्याच्या, वाटणीच्या दाव्यांना ही शिस्त लागू नाही. पण साध्या दाव्यातही वादप्रश्न निघाले की दोन्ही बाजूंच्या पुराव्याचे वेळापत्रक घालून द्यावे, असा अर्ज करायला कुणाची आडकाठी नाही. म्हाताऱ्या पक्षकाराच्या वयाचा दाखला जोडून असा अर्ज केला तर न्यायाधीश तो मनावर घेण्याची शक्यता मोठी असते.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा प्राधिकरणाचे काम न्यायालयातूनच चालते आणि १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते. अशा वकिलाला भेटायला जाताना फायलीतल्या कागदांच्या प्रती आणि रोजनामा सोबत न्यावा, म्हणजे पहिल्याच भेटीत कोणता अर्ज राहिला आहे ते कळते.

निकाल लागल्यावरही एक अर्ज उरतोच. निकाल वाचून दाखवला गेला, दावा मंजूर झाला, हुकूमनामा तयार झाला. नक्कल विभागातून प्रत हाती आली की तिच्यातला गट क्रमांक, क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि नावे वादपत्राशी बोटाने जुळवून पाहावीत. एखादा आकडा चुकीचा टंकला गेला असेल, तर तलाठ्याकडे फेरफार अडतो आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या दरखास्तीत बेलीफ चुकीच्या जमिनीवर जाऊन उभा राहतो. अशी लेखनातली किंवा बेरजेतली चूक संहितेच्या कलम १५२ खाली केव्हाही दुरुस्त करून मागता येते. त्यासाठी अपील करावे लागत नाही. अर्ज एका पानाचा पुरतो. त्यात चुकीची ओळ, बरोबर ओळ आणि वादपत्राचा पान क्रमांक लिहावा, सोबत हुकूमनाम्याची नक्कल जोडावी, आणि प्रत समोरच्या वकिलाला देऊन त्याची सही घ्यावी.